जुन्या अॅम्बॅसेडरचे दोन्ही ब्रेक लाईट बंद, टेल लाईट मात्र लागतात. बिघाड कुठे शोधायचा?

दोन्ही एकदम गेले म्हणजे बल्बवर संशय नंतर घ्या. आधी फ्यूज पाहा, मग ब्रेकच्या पाईपलाईनवर बसवलेला, तेलाच्या दाबावर चालणारा स्विच. इग्निशन चालू ठेवून स्विचच्या दोन्ही वायरी काढा आणि एकमेकींना जोडा. लाईट लागले तर स्विच गेला. नाही लागले तर टेस्ट लॅम्पने (वायर जोडलेला छोटा तपासणी बल्ब) बघा, एका वायरीत 12 व्होल्ट यायलाच हवेत. येत नसतील तर बिघाड फ्यूजच्या बाजूला. येत असतील तर डिकीकडे जाणारी वायर तुटलेली, नाहीतर दोन्ही बल्ब गेलेले.

स्विचच्या टोकांपाशी ब्रेक ऑईलचा ओलावा दिसला तर स्विच ताबडतोब बदला, कारण तिथून तेल गळतं. बदलल्यावर ब्रेकमधली हवा काढायला विसरू नका. हे काम मन लावून करा, ब्रेकचा प्रश्न आहे.

एकच लाईट जात असेल, किंवा ब्रेक दाबल्यावर टेल लाईट मंद होत असेल, तर बल्ब गेला नसल्यास अर्थिंग (बल्बच्या होल्डरची गाडीच्या पत्र्याशी असलेली जोडणी) खराब. गोव्याच्या खाऱ्या हवेत, त्यात चार महिने पाऊस, होल्डरमध्ये हिरवट गंज चढतोच. बारीक पॉलिश पेपरने घासा, अर्थच्या स्क्रूखालचा पत्रा चकचकीत करा आणि वर पेट्रोलियम जेली लावा. बल्ब 21/5 वॅटचा, दोन फिलामेंटचा. त्याच्या पिना वरखाली असतात, उलटा दाबून बसवू नका.