मुलगी भुताखेतांचं वाचते, काय करू?

"मॅडम, मुलगी सारखी भुताखेतांच्या कादंबऱ्या वाचत असते. काहीतरी करा." गेल्या वर्षभरात हे इतक्या वेळा ऐकलंय की आता मला पुढचं वाक्यही पाठ झालंय. कधी तक्रार दहावीतल्या मुलाची असते, कधी नव्या सुनेची. एकदा तर साठीच्या सासूबाईंची होती. काळजी मात्र दोनच प्रकारची: ही खऱ्या जगापासून पळतेय, नाहीतर हिचा अशा गोष्टींवर विश्वास बसेल. म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्यात आणि त्या बापलेकीला विचारूनच लिहितेय.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक निवृत्त विज्ञान शिक्षक आले. घरात त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्याबरोबर सत्तावीस वर्षांची मुलगी, तिला अनघा म्हणू. पुण्यात पाच वर्षं राज्यसेवेचा अभ्यास, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परत. 2025 पासून मुख्य परीक्षेचे पेपर वर्णनात्मक झाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचं त्राण नाही म्हणून पोरगी गाशा गुंडाळून साताऱ्याला आली.

अण्णा खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाले, "तीस वर्षं मी गावोगाव 'भूत नसतं' म्हणून सांगत हिंडलो. आणि माझ्याच घरात रात्री दोन-दोनपर्यंत भूत वाचतात."

बाहेरच्या कुणाला हे ऐकून हसू येईल. साताऱ्यात येत नाही. हे डॉ. दाभोलकरांचं गाव. 1989 साली त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती, म्हणजे अनिस, उभी राहिली, तेव्हापासून अण्णांसारखी किती माणसं सुट्टीच्या दिवशी एसटीने वाड्यावस्त्यांवर जाऊन चमत्कारांमागची हातचलाखी दाखवत फिरली. अशा घरांमध्ये डॉक्टरांचा खून झाला ती 20 ऑगस्ट 2013 ची सकाळ घरचं माणूस गेल्यासारखी आठवतात. अण्णांचं दुखणं खरं होतं.

पुढच्या वेळी अनघाला एकटीला बोलावलं. काय वाचतेस, विचारलं. तिने मोबाइल पुढे केला. इंग्रजीतल्या हलक्याफुलक्या रहस्यकथा. छोटंसं गाव, तिथली बेकरी, बेकरी चालवणारी चेटकीण, आगाऊ बोलणारं मांजर आणि माळ्यावर राहणारं एक कुरकुरं भूत. खून होतो, पण रक्त पानावर सांडत नाही. तपास पोलिसांआधी बेकरीवालीच लावते आणि शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना केक मिळतो.

आता माझी चूक सांगते. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. मला वाटलं, सापडलं! घरात वावरणारं, टोमणे मारणारं, प्रेमळ भूत म्हणजे दुसरं कोण असणार? मी हळूच आईचा विषय काढला. अनघा दोन मिनिटं ऐकत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आई गेली म्हणून मी भुतं वाचते, असंच तुम्हाला म्हणायचंय ना? आईची आठवण येते, खूप येते. पण हे मी हसू येतं म्हणून वाचते."

वीस वर्षांच्या अनुभवाची हवाच निघाली. पण खरं सांगते, त्या दिवशी मी एक गोष्ट शिकले. माणूस दमल्यावर बाकावर बसला, तर बाकात अर्थ शोधायचा नसतो.

चौथ्या भेटीत दोघांना समोरासमोर बसवलं. अण्णा तावातावाने म्हणाले, "माझ्या मुलीने विवेकीच असलं पाहिजे."

मी ज्या पठडीत वाढले, तिच्यात या 'च'वर कान ठेवायला शिकवतात. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारांची ही वाट पाडली, पण 'च'ची गंमत खरी कळते ती आपल्या मराठीत. "असावी असं वाटतं" ही इच्छा झाली. "असलीच पाहिजे" हा हट्ट झाला, आणि रक्तदाब हट्टाने वाढतो. मी विचारलं, "अण्णा, ती विवेकी नाही हे कशावरून ठरवलंत? परीक्षा घेतलीत?"

अण्णा गप्प. अनघा मात्र बोलायला लागली, आणि मी वहीत पेन ठेवून दिलं.

"अण्णा, तुमची पत्र्याची पेटी आठवते? तिच्यातली पोटॅशियम परमँगनेटची बाटली कोण सांभाळायचं? सातवीत होते मी. तुम्ही तूप म्हणून ग्लिसरीन ओतायचात आणि काडी न ओढता होम पेटायचा. लोक हात जोडायचे. मला तेव्हाही मजा यायची, कारण बाटली कुठेय ते मला माहीत होतं. ही पुस्तकं तशीच आहेत. पहिल्या प्रकरणात सांगितलेलं असतं की या भुताला उंबरा ओलांडता येत नाही. शेवटी त्याने ओलांडला तर मी पुस्तक फेकून देते. लेखिकेने नियम मोडला तर मी तिला पकडते. बुवाला पकडून दाखवा! तो गुण आला की देवाची कृपा म्हणतो, नाही आला की तुमची श्रद्धा कमी."

अण्णा बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. मग शिक्षकी आवाजात म्हणाले, "म्हणजे दावा तपासता येतो."

"हो."

"भूत खोटं, पण दावा तपासता येतो."

एवढंच. हा क्षण माझ्या कपाटातल्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. रहस्यकथेचे दहा नियम 1929 साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने लिहिले आणि अमानवी शक्तींना दुसऱ्याच नियमात हाकललं, हे मला नंतर समजलं. धर्मगुरूने भुताला बंदी घालावी आणि अनिसच्या मुलीने त्याला नियमांत बांधून आत घ्यावं! आपल्याकडे तर प्रेतात शिरलेला वेताळ विक्रमाला न्यायनिवाड्याची कोडी घालतो. त्या पंचवीस गोष्टी ऐकून कुणी स्मशानात जाऊन बसल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मग काळजी कधीच करायची नाही का? करायची, पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून नको. मी विचारते ते असं: पुस्तक मिटल्यावर माणूस हसत उठतो, की एकट्याने मोरीत जायला घाबरतो? जेवण, आंघोळ, दोन माणसांशी बोलणं जागच्या जागी आहे का? पुस्तक नसतानाही आवाज ऐकू येत असतील, गोष्टीतली पात्रं आपल्यालाच खुणा करतात असं वाटत असेल, तर माझ्याकडेही येऊ नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञ गाठा. आणि देवऋष्याकडे तर नकोच नको.

पळण्याबद्दल म्हणाल, तर अनघा थोडी पळत होतीच. तिने स्वतःच कबूल केलं. पुन्हा फॉर्म भरायचा की नाही, हा प्रश्न रात्री अकराला डोकं वर काढायचा आणि ती पुढचं प्रकरण उघडायची. आम्ही वाचनाला हात लावला नाही, वेळेला लावला. अकरानंतर मोबाइल स्वयंपाकघरात, उशाशी छापील पुस्तक. आणि फॉर्मचा प्रश्न दुपारी चारला, चहा घेताना, कागदावर. ही युक्ती साधी आहे, पण मी ती बऱ्याच घरांत वापरलीय आणि बहुतेक ठिकाणी ती चालते. अनघाने काय ठरवलं ते तिचं तिच्यापाशी राहू दे.

पालकांना एकच विनवणी. पुस्तक हिसकावू नका, गोष्ट विचारा. 'काय वाचतेस हे फालतू?' असं नाही, 'खून कुणी केला?' असं. अण्णांना मी गृहपाठ दिला होता: तिच्या आवडीचं एक पुस्तक संपूर्ण वाचायचं आणि संपेपर्यंत मत द्यायचं नाही. "भिलारला पुस्तकांच्या गावात नेलं होतं हिला, चांगलं काही वाचावं म्हणून," एवढं पुटपुटत त्यांनी ते मान्य केलं.

तीन आठवड्यांनी रात्री साडेनऊला फोन वाजला. या वेळी अण्णांचा फोन म्हणजे काहीतरी बिनसलं, असं समजून मी गॅस बंद करूनच उचलला.

"मॅडम, ते माळ्यावरचं भूत. चौथ्या प्रकरणात म्हणतात आरशात दिसत नाही, आणि नवव्यात आरशासमोर टोपी नीट करतंय. मी अनघाला दाखवलं. तिच्या लक्षातच आलं नव्हतं!"