वर्गात मुलं ‘समजलं’ म्हणतात आणि चाचणीत पेपर कोरा! नेमकी कोणती अध्यापन पद्धत वापरावी?

तुम्ही आठवीला गणित शिकवता. वर्गात साठेक मुलं आहेत. बीएडला शिकवलेल्या बहुतेक पद्धती करून झाल्या: व्याख्यान, गटकार्य, प्रोजेक्टरवर व्हिडिओ. तास रंगतो, ‘समजलं का?’ विचारलं की एका सुरात ‘होऽऽ’ येतो आणि घटक चाचणीत तेच गणित आलं की अर्धा वर्ग गार. मग यातली कोणती पद्धत धरावी, असा तुमचा प्रश्न आहे.

मीही माध्यमिकला गणितच शिकवते, त्यामुळे हा ‘होऽऽ’ रोज ऐकते. माझं मत असं की पद्धतीच्या नावात फार अडकू नका. त्या पस्तीस मिनिटांत प्रत्येक पोराला, फळ्याकडे किंवा पुस्तकात न बघता, स्वतःच्या डोक्यातून काही बाहेर काढावं लागलं का, तेवढं बघा. तास छान झाल्यासारखा वाटणं हा बहुतेक वेळा चकवाच असतो.

२०१९ साली हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. एका गटाला मुरलेल्या प्राध्यापकांनी सुरेख व्याख्यान दिलं. दुसऱ्या गटाला तोच भाग छोट्या गटांत बसून, धडपडत सोडवायला लावला. व्याख्यान ऐकलेल्यांना वाटलं की आपण जास्त शिकलो. चाचणीत मात्र धडपडलेले पुढे होते. हार्वर्डची मुलं जिथे फसतात तिथे आपल्या आठवीच्या पोरांचं काय घेऊन बसलात!

त्याआधीचा, २००६ चा रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग मला अजून जवळचा वाटतो. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर वाचणाऱ्यांना ४० टक्केच आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१. तुमचा ‘होऽऽ’ हा त्या पाच मिनिटांचा निकाल आहे आणि घटक चाचणी म्हणजे आठवड्यानंतरचा.

आता मी वर्गात काय करते ते सांगते. तासाला शिरल्या शिरल्या फळ्यावर चार गणितं लिहिते. एक कालचं, एक मागच्या आठवड्यातलं, एक महिन्यापूर्वीचं, एक थेट सातवीचं. पुस्तक बंद, कच्च्या वहीच्या मागच्या पानावर सोडवायचं, शेजाऱ्याशी बोलायचं नाही. हजेरीही तेवढ्यात होऊन जाते. सात-आठ मिनिटांनी उत्तरं सांगायची, ज्याची त्याने तपासायची. याचे गुण कुठेही नोंदवायचे नाहीत, हे महत्त्वाचं. गुण आले की कॉपी आलीच, आणि मग कोणाला काय येत नाही ते आपल्याला कधीच कळत नाही.

उदाहरण घ्या विस्तार सूत्रांचं. ज्या दिवशी शिकवतो त्या दिवशी (अ + ब)² चा विस्तार सगळ्यांना येतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर विचारा, निम्म्या वह्यांत अ² + ब² दिसेल. मी ‘चूक’ म्हणत नाही. अ ऐवजी ५ आणि ब ऐवजी ३ घालायला सांगते. डावीकडे ८ चा वर्ग, ६४. उजवीकडे २५ आणि ९, म्हणजे ३४. मग विचारते, ‘तीस कुठे गेले?’ वर्ग शांत होतो. ८ बाजूचा चौरस वहीत काढायचा, बाजूचे ५ आणि ३ असे भाग पाडायचे. आत एक २५ चा चौरस दिसतो, एक ९ चा, आणि कोपऱ्यांत १५-१५ चे दोन आयत. हरवलेले तीस सापडले! २अब कुठून येतं ते शिकवायच्या दिवशी सांगितलेलं असतंच, पण विसरून पुन्हा शोधल्यावर ते पक्कं बसतं.

दुसरी गोष्ट सरावसंचांची. एका सरावसंचात एकाच प्रकारची गणितं असतात, त्यामुळे पहिलं जमलं की पोरं पुढची डोळे झाकून सोडवतात. कोणतं सूत्र वापरायचं हा प्रश्नच त्यांना पडत नाही, आणि परीक्षेत नेमका तोच पडतो. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाच्या गणितांवर हे तपासलं. एकेका प्रकारची सलग गणितं सोडवणाऱ्यांची सरावातली ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिले २० टक्क्यांवर घसरले, मिसळणारे ६३ वर राहिले. आपल्या पुस्तकात संकीर्ण प्रश्नसंग्रह, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची मिसळलेली गणितं, असतो, आणि पोर्शन संपवायच्या घाईत आपण नेमका तोच ‘घरी सोडवा’ म्हणून सोडून देतो. निदान तो वर्गात घ्या, आणि त्यात जुन्या प्रकरणांची दोन-तीन गणितं घुसडा.

प्रश्न विचारण्याची रीतही बदलून बघा. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. आधी प्रश्न, मग मनात तीन आकडे, मग नाव. आधीच नाव घेतलं की बाकीची एकोणसाठ मुलं सुटतात.

व्याख्यान वाईट, असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. नवीन गोष्ट फळ्यावर नीट सोडवून दाखवावीच लागते. ऑस्ट्रेलियात स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावरच दाखवलंय की नवशिक्याला सोडवलेली उदाहरणं अभ्यासून जास्त फायदा होतो. आधी दाखवा, मग हळूहळू हात काढून घ्या. गटकार्याचंही तसंच. पाचांच्या गटात एक हुशार मुलगी सोडवते आणि चौघं पेन्सिली छिलतात, याला कोणी कृतियुक्त अध्यापन म्हणत असेल तर म्हणो बापडा. २०१५ नंतर ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः घडवतं या विचाराची, लाट आली, सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (शाळांच्या एका गटाच्या) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊन आले. तिथे मुलं स्वतः हाताळत, बोलत शिकत होती. ते न उचलता तिथल्यासारख्या नुसत्या वर्गाच्या फरशा रंगवल्या, तर रंगच उरतो.

एक मात्र खरं की वरचं सगळं करूनही काही मुलं हलणार नाहीत, कारण त्यांचं घोडं आठवीत नसून चौथीत अडलंय. मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०१८, २०२२ आणि २०२४ या तिन्ही अहवालांत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना साधा भागाकार येत नव्हता. त्यांना बैजिक राशींचा भागाकार कसा येईल? मुंबई आणि बडोद्यात ‘प्रथम’ या संस्थेने चालवलेल्या बालसखी उपक्रमाची पाहणी अर्थतज्ज्ञ बॅनर्जी, दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केली होती. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास बाजूला घेऊन वस्तीतलीच एक ताई त्यांना पायाभूत वाचन-गणित शिकवायची. त्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. मूळ वर्गात उरलेल्यांना मात्र, वर्ग लहान होऊनही, काही विशेष लाभ झाला नाही. म्हणजे पट कमी झाला की आपोआप शिकणं वाढतं, हेही खरं नाही. मुलाला जे येतं तिथून सुरुवात करावी लागते. तुमच्या साठांतून अशी मुलं हुडकायला त्या रोजच्या चार गणितांतलं सातवीचं गणितच पुरेसं आहे. शून्य तासिका किंवा सकाळची अर्धी घटका त्यांना द्या, आणि इयत्तेचा विचार न करता पाढे, भागाकार, अपूर्णांक घ्या.

सुरुवातीला पोरं कुरकुरतील, ‘बाई, हे तर झालंय’ म्हणतील. चुकाही जास्त दिसतील, कारण आता त्या लपायला जागा नाही. पहिल्या चाचणीवरून काही ठरवू नका, सहामाहीपर्यंत धीर धरा.

राहिला तुमचा प्रोजेक्टर. व्हिडिओ खुशाल दाखवा, पण मध्येच थांबवा आणि ‘पुढची पायरी वहीत लिहा’ म्हणा, मगच पुढे सोडा. तेवढं करायला वेळ नसेल तर तो कपाटातच बरा, तसाही आमच्याकडे वीज ऐन तासालाच जाते.