जुन्या स्पार्क वर्कस्टेशनवर लाटेक कसं बसवावं?

तुमच्याकडे अल्ट्रा ५ हे सनचं जुनं स्पार्क यंत्र आहे, त्यावर सोलारिस ८ ही सिस्टम. टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली, लाटेक हा तिच्यावरचा मॅक्रोंचा संच; हे सगळं एकत्र देणाऱ्या टेक लाइव्हचा ताजा सोर्स बांधायला घेतला की मेक (बांधणी चालवणारं साधन) अर्ध्यावर थांबतं आणि आता कंपायलर बदलावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: कंपायलरच्या मागे लागू नका, सोर्स जुना घ्या.

अडतंय ते टेकमुळे नाहीच. ताज्या संचात झीटेक या युनिकोड इंजिनासाठी आयसीयू आणि हार्फबझ या लायब्ररी येतात, त्यांना नवं सी++ लागतं. तुम्हाला कागदावर अक्षरं हवी आहेत, त्यासाठी यातलं काहीच लागत नाही.

मी टेटेक ३.० हे टेक लाइव्हसारखंच पण जुनं वितरण बसवलं, २००५ सालचं. पुढच्याच वर्षी त्याचं काम थांबलं, पण या यंत्राच्या वयाला ते अगदी जुळतं. जीसीसी २.९५ हा कंपायलर पुरतो, फक्त सी आणि सी++ दोन्ही हवेत, कारण पीडीएफ बनवणाऱ्या पीडीएफटेक इंजिनातला एक भाग सी++ मध्ये आहे. सोलारिससोबत कंपायलर येत नाही. यूसीबी डिरेक्टरीत सीसी नावाची फाइल दिसते खरी, पण ती कंपायलर बसवलेला नाही एवढंच सांगते.

सोबत जीएनयू मेक आणि जीएनयू टार (फाइलींचे गठ्ठे उलगडणारं साधन) आधी बसवा. टारचं विशेष सांगतो, कारण माझे दोन दिवस तिथे गेले. जीएनयू टार लांबलचक फाइलनावं स्वतःच्या पद्धतीने साठवतो, सिस्टमच्या टारला ती पद्धत कळत नाही. फाइली तुटक्या नावांनी उतरतात आणि पुढे कुठलीतरी स्टाइल फाइल 'सापडत नाही'. चूक मात्र आपण टेकच्या सेटिंगमध्ये शोधत बसतो.

क्रम महत्त्वाचा आहे. मॅक्रो आणि फॉन्टचं टेक्सएमएफ झाड आधी त्याच्या जागी उलगडा, मगच सोर्सची बांधणी आणि इन्स्टॉल. इन्स्टॉल करतानाच फॉरमॅट फाइली (आधीच वाचून ठेवलेले मॅक्रो) तयार होतात, त्यासाठी झाड तिथे असावं लागतं. नंतर हाताने एखादं पॅकेज टाकलंत तर एलएस-आर ही झाडातल्या फाइलींची यादी ताजी करा, नाहीतर फाइल समोर असूनही टेकला दिसणार नाही.

एक मोह मात्र टाळा: या जुन्या इंजिनावर आजचं लाटेक चढवू नका. २०२० पासून एक्सपीएल३ ही मॅक्रो लिहिण्याची नवी भाषा लाटेकच्या गाभ्यातच आहे, जुन्या इंजिनाला ती झेपत नाही. इंजिन आणि मॅक्रो एकाच काळातले ठेवा.

जुनं घेतलं म्हणून छपाई कमअस्सल होईल, अशी भीती बाळगू नका. टेकचे मूळ कर्ते क्नूथ यांच्या टेकची आवृत्ती तेव्हा ३.१४१५९२ होती, २०२१ पासून ३.१४१५९२६५३ आहे, मधल्या काळात फक्त बारीक दुरुस्त्या झाल्या. तेच फॉन्ट, तीच मापं दिलीत तर परिच्छेदाच्या ओळी आजही तिथेच तुटतात.

आधी साध्या टेकवर 'स्टोरी' ही नमुना फाइल चालवा, मग लाटेकवर 'सॅम्पल२ई'. दुसरी अडली तर लॉगमधल्या पहिल्या चुकीच्या ओळी इथे टाका, मी बघतो.