हमी मिळाल्याशिवाय विमानात बसायचं नाही?

जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान कोसळलं आणि तेव्हापासून समुपदेशनासाठी येणाऱ्यांकडून एकच तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते: "मुलं परदेशात, आणि विमानात बसायचा धीर होत नाही."

वसंतराव (नाव बदललं आहे) वीज मंडळातून निवृत्त झालेले अभियंते. मुलगी टोरांटोला, तिचं बाळंतपण जवळ आलेलं. पहिल्याच भेटीत त्यांनी वही पुढे केली. तारीख, ठिकाण, मृतांचा आकडा. टेनेरिफ, १९७७, ५८३. चरखी दादरी, १९९६, ३४९. वांद्र्याच्या समुद्रात पडलेलं 'सम्राट अशोक', १ जानेवारी १९७८, २१३.

रस्त्यावर यापेक्षा जास्त माणसं मरतात, हे घरच्यांचं सांगून झालं होतं. आकड्यांनी भीती जात असती तर ही वही भरलीच नसती. मी ती मिटायला सांगितली नाही. एक रकाना वाढवायला सांगितला. का झालं, नंतर काय बदललं?

अभियंताच तो, मन लावून कामाला लागला. स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात केएलएम या डच कंपनीच्या कॅप्टनने परवानगीआधीच विमान दौडवलं. समोरचं विमान धावपट्टीवरून हटलंय ना, ही फ्लाइट इंजिनिअरची शंका त्याने उडवून लावली. पुढे कनिष्ठाने शंका रेटावी आणि वरिष्ठाने ती ऐकावी, याचं प्रशिक्षणच कॉकपिटमध्ये आलं. चरखी दादरीला कझाकस्तानचं विमान दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं आणि सौदी विमानावर आदळलं. त्यानंतर टकरीचा इशारा देणारी यंत्रणा भारतात सक्तीची झाली. 'सम्राट अशोक'मध्ये कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं उपकरण बिघडलं होतं, बाहेर समुद्रावर काळोख.

अहमदाबादपुढे मात्र कोरी जागा. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचं इंधन तुटलं, एवढंच प्राथमिक अहवालात होतं. अंतिम अहवाल तेव्हा आला नव्हता.

"हे भरेपर्यंत मी बसणार नाही, मॅडम."

"लाइनमनला पोलवर चढवताना काय करायचात?"

"परमिट घ्यायचं. सप्लाय बंद, लाइन तपासायची, अर्थिंग करायचं. मगच माणूस वर."

"म्हणजे काही होणार नाही, ही हमी?"

ते थांबले. "हमी कुठली? तो खाली उतरेपर्यंत जिवाला घोर असायचा. पण पाठवायचो."

"घोर असतानाही?"

"हो. काम तर करायलाच हवं होतं ना."

पुढचं त्यांनीच बोलून दाखवलं: दुसऱ्याला वर पाठवताना जी हमी मागितली नाही, ती मी स्वतःसाठी मागतोय. घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला आग्रहच जास्त छळतो, असं सांगणारी विवेकनिष्ठ विचारपद्धती मी मानते ती यासाठीच. अपघात झाले हे खरंच आहे. माणसाला घरात कोंडून ठेवतो तो 'आधी पूर्ण खात्री मिळालीच पाहिजे' हा आग्रह. हा आग्रह ज्याचा त्यालाच दिसतो, तो क्षण मला आजही फार मोलाचा वाटतो. वसंतराव आधी नागपूरला जाऊन आले, मग टोरांटोला.

तुम्हालाही ही भीती असेल तर अपघाताचे व्हिडिओ बघणं थांबवा. वाचायचंच असेल तर चौकशीत काय निघालं, तिथपर्यंत वाचा. धडधड थांबायची वाट पाहू नका, धडधडत्या छातीनेच जवळच्या ठिकाणाचं तिकीट काढा. हवेत विमान हादरलं की पट्टा बांधून बसा; असे हादरे गृहीत धरूनच त्याची बांधणी केलेली असते. घरच्यांनी 'घाबरट' म्हणू नये. आणि विमानतळाच्या नुसत्या विचारानेही श्वास कोंडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. औषध लागलं तर तेच ठरवतील. शेजाऱ्यांकडची झोपेची गोळी घेऊन विमानात बसू नका.