खासगी गेथ नेटवर्कसाठी स्वतःचा ब्लॉक एक्सप्लोरर कसा बसवायचा?

गेथ (इथेरियमचा नोड चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून तुमचं तीन नोडचं क्लीक नेटवर्क (ज्यात ठरावीक नोडच सही करून ब्लॉक बनवतात) चालू आहे, ब्लॉकस्काउट हा ब्लॉक एक्सप्लोरर (साखळीतले ब्लॉक आणि व्यवहार दाखवणारी वेबसाइट) डॉकरवर उभा केलाय, ब्लॉक दिसतात. पण जुन्या ब्लॉकांमधले अंतर्गत व्यवहार (कॉन्ट्रॅक्टने स्वतः पुढे केलेले) रिकामे येतात, हा तुमचा प्रश्न. ब्लॉकस्काउट निवडलात ते बरं केलंत, इथरस्कॅन या प्रसिद्ध एक्सप्लोररचा कोड खुला नाही. तुमची अडचण मात्र एक्सप्लोररमध्ये नसून नोडमध्ये आहे.

अमुक पत्त्याचे सगळे व्यवहार दे, असं गेथला विचारता येत नाही. म्हणून ब्लॉकस्काउट एकेक ब्लॉक वाचून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नोंदी करतो. अंतर्गत व्यवहार तर ब्लॉकमध्ये साठवलेलेच नसतात. एका कॉन्ट्रॅक्टने दुसऱ्याला इथर पाठवलं हे कळायला नोडला तो व्यवहार पुन्हा चालवून बघावा लागतो आणि त्यासाठी त्या वेळची स्टेट (खात्यांची शिल्लक आणि कॉन्ट्रॅक्टांचा डेटा) हवी. साधा गेथ नोड शेवटच्या १२८ ब्लॉकांचीच स्टेट हाताशी ठेवतो.

आहे त्या नोडला आर्काइव्हचा (सगळी जुनी स्टेट ठेवण्याचा) पर्याय लावून गेलेली स्टेट परत येत नाही. चौथा नोड उभा करा: तीच जेनेसिस फाइल (नेटवर्कची सुरुवातीची मांडणी), गेथची तीच आवृत्ती, सिंकमोड फुल, जीसीमोड आर्काइव्ह. त्याला सीलिंगचं (सही करून ब्लॉक बनवण्याचं) काम देऊ नका. पहिल्या ब्लॉकपासून सिंक झाला की एक्सप्लोरर फक्त त्याच्याशी जोडा. मग पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर रिकामं करून इंडेक्सिंग नव्याने होऊ द्या. एवढ्या छोट्या नेटवर्कला ते परवडतं.

नव्या नोडच्या एचटीटीपी एपीआयमध्ये डीबग (व्यवहार पुन्हा चालवून बघायच्या आज्ञांचा गट) चालू हवं. कंटेनरमधून होस्टच्या नावाने विचारल्यावर गेथने ४०३ (नकार) दिला, तर व्हीहोस्ट्सच्या यादीत, म्हणजे कोणत्या नावाने आलेली विनंती घ्यायची त्या यादीत, ते नाव घाला. मुळात तिथे फक्त लोकलहोस्ट असतं. पण हे पोर्ट बाहेर उघडू नका, ही कळकळीची विनंती. डॉकरने प्रकाशित केलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्सवरच्या फायरवॉलचे नियम ओलांडून जातं, म्हणजे फायरवॉल लावूनही डीबग जगाला खुलं राहू शकतं.

ब्लॉक बनवणारा म्हणून सगळीकडे शून्य पत्ता दिसत असेल, तर ब्लॉकस्काउटच्या ब्लॉक ट्रान्सफॉर्मर या सेटिंगची किंमत क्लीक ठेवा. क्लीकमध्ये सील करणाऱ्याची सही ब्लॉकच्या एक्स्ट्रा डेटा या रकान्यात असते, ती मग वाचली जाते.

फ्रंटएंडच्या एपीआय होस्टमध्ये लोकलहोस्ट ठेवू नका, नाहीतर पान तुमच्याकडे नीट दिसेल आणि बाकीच्यांना रिकामं. हे सगळं करण्यासारखं आहे, कारण एक्सप्लोरर नसेल तर तुमच्या नेटवर्कवर काय घडतंय ते बाहेरच्या माणसाने निव्वळ तुमच्या शब्दावर मानायचं.

शेवटी एका कॉन्ट्रॅक्टमधून दुसरीकडे थोडं इथर पाठवणारा एखादा जुना व्यवहार उघडा. अंतर्गत व्यवहारांच्या टॅबमध्ये ती रक्कम दिसली की काम झालं. नाही दिसली तर नोडला थेट त्या व्यवहाराचा ट्रेस (चालताना काय काय घडलं त्याची नोंद) मागा आणि जी चूक येईल ती इथे टाका, मी बघतो.