कॉलेजात क्रीडा संचालक म्हणून अख्खी नोकरी काढणं कसं असतं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की एम.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहात आणि मामा म्हणतात, "जन्मभर शिट्टी वाजवत बसणार का?" त्या शिट्टीसाठी हे उत्तर. एरवी मी नुसतं वाचून पुढे जातो.

एकतीस वर्षं मी एका अनुदानित कॉलेजात हेच केलं. नियुक्तिपत्रावर 'शारीरिक शिक्षण संचालक', पोरांच्या तोंडी 'पी.टी. सर' आणि स्टाफरूममध्ये 'ते ग्राउंडवाले'. संचालक म्हणावं तर हाताखाली एक शिपाई, तोही परीक्षा लागल्या की वर्गावर्गात पाणी द्यायला काढून घ्यायचे. मग पहाटे साडेपाचला मैदानावर फक्की मारायला मीच. चुना नाकातोंडात जाऊन दहा वाजेपर्यंत शिंका.

पगाराचं मामांना सांगा. आपली सुरुवात सहायक प्राध्यापकाच्याच श्रेणीत होते, सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन ५७,७००. नेट-सेट ही पात्रता परीक्षा त्यांच्यासारखीच. वर एक परीक्षा जास्त, जी इतर कुठल्या प्राध्यापकाला नाही: तिशीच्या आतल्या पुरुषाला १२ मिनिटांत १,८०० मीटर. अर्थशास्त्राच्या किती सरांना जमेल? एकाला जमणार नाही हे मला नक्की माहीत आहे.

नाव घेत नाही. ते सेवाज्येष्ठ, मी तेव्हा दहाएक वर्षांचा जुना.

आमच्याकडे एस.वाय.ला एक मुलगी होती. कबड्डीच्या संघात राखीव म्हणून आलेली. चढाई तिला शेवटपर्यंत जमली नाही, पण वॉर्मअपचे फेरे संपून बाकीच्या पोरी पाण्याच्या टाकीकडे गेल्या तरी ही आपली पळतच. तिला कबड्डीतून काढली आणि ५,००० मीटरला घातली. आंतरविभागीयला दुसरी आली, विद्यापीठाच्या संघात निवड झाली. जिमखान्याच्या कपाटात स्पाइक्सचा एकच जोड, सहा नंबरचा. तिचा पाय पाचचा. पुढे चिंध्या कोंबल्या. स्पर्धेसाठी दोन दिवस रेल्वेने दक्षिणेत गेलो, संघाचा व्यवस्थापक म्हणून मीच. परगावी भत्त्यात पोरांचं पोट भरत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

साडेबारा फेऱ्या. मी दोनशेच्या खुणेपाशी घड्याळ घेऊन उभा. आठव्या फेरीला तिच्या छातीवरच्या नंबराची एक पिन सुटली आणि तो कागद तोंडावर उडायला लागला. तिने खालचा कोपरा दातात धरला आणि तशीच पळाली, एक अख्खी फेरी. मग हाताने दाबून. अकरावी आली. पदक नाही, काही नाही. पण एकोणीस मिनिटांच्या आत ती आयुष्यात पहिल्यांदा आली होती. घड्याळ दाखवलं तर म्हणाली, "सर, परत पळू का?"

परत आलो तर अर्थशास्त्राची वीस मार्कांची अंतर्गत चाचणी होऊन गेलेली. हिच्या नावापुढे 'गैरहजर'. फेरचाचणी घ्या म्हणून सरांकडे गेलो. ते म्हणाले, "ती फिरायला गेली होती, आम्ही इथे शिकवत होतो." मी आवाज चढवला. त्यावर सगळ्या स्टाफरूमसमोर, "तुम्ही शिक्षक नाही. शिक्षकांच्या मार्कात लुडबूड करू नका."

तर मामा, आणि ते सरही, ऐका. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यात 'शिक्षक' या शब्दाची व्याख्या आहे. तीत प्राध्यापकांबरोबर ग्रंथपाल आहे आणि शारीरिक शिक्षण संचालकही आहे. २०१६ च्या नव्या कायद्यातही आहे. त्या पानाची झेरॉक्स काढून मी स्टाफरूमच्या फळ्यावर लावली होती. दुसऱ्या दिवशी त्यावर पतपेढीच्या सभेची नोटीस.

पुढे क्रीडा दिनाला, २९ ऑगस्टला, भाषण याच सरांचं. विषय खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकीला पाठवायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, हे सांगताना सरांचा गळा भरून आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घर गहाण नको होतं हो, वीस मार्कांचा एक पेपर हवा होता.

ती त्या विषयात राहिली. घरच्यांनी "पळून काय मिळालं" म्हणत शेवटचं वर्ष बाहेरून करायला लावलं. बाहेरून म्हणजे मैदान बंद.

आता एक गोष्ट, जी मी स्टाफरूममध्ये कधी बोललो नाही. खेळाडू स्पर्धेला जातोय हे पत्र परीक्षा विभागाला निघण्यापूर्वी द्यायचं असतं. मी दिलं नव्हतं. ट्रॅकसूट, तिकिटं, पात्रतेचे फॉर्म या धांदलीत राहिलं. गाडीत बसून लिहिलं आणि परत आल्यावर दिलं. आवक रजिस्टरला चाचणी झाल्यानंतरची तारीख आहे. सरांनी ते रजिस्टर कधी उघडून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर मला बोलायला जागा नव्हती. तरी 'फिरायला' हा शब्द मी माफ केलेला नाही.

म्हणून आधी पत्र, त्यावर आवक क्रमांक, आणि मगच स्पाइक्स.

तुमचा मूळ प्रश्न, करिअर म्हणून कसं. पद कायम आणि अनुदानित मिळालं तर उत्तम, बिनधास्त घ्या. पण अशा जागा फार कमी निघतात, आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारी चांगली पोरं मी पाहिली आहेत. तसं असेल तर मामांचं थोडं ऐका, हे मला मघाशीच सांगायला हवं होतं. विद्यापीठाचा क्रीडा संचालक हे पद वेगळं, तिथे मैदान कमी आणि फायली जास्त. सगळ्या कॉलेजांच्या तारखा, निवड समित्यांची भांडणं, राष्ट्रीय स्पर्धांच्या प्रवेशिका. २०२० पासून खेलो इंडियाच्या विद्यापीठ स्पर्धांची त्यात भर. मी निवड समितीवर होतो तेवढं मला पुरलं.

सेट पुणे विद्यापीठ घेतं, जाहिरातीवर लक्ष ठेवा. धावण्याच्या चाचणीआधी वैद्यकीय प्रमाणपत्र मागतात, तेही वेळेत काढा. आणि १,८०० मीटर आत्तापासून सुरू करा, परीक्षेच्या पंधरा दिवस आधी नव्हे. पोटऱ्या धरतात.