हत्यारपेटी : सँडरच्या गोल खुणा, हाताला मुंग्या आणि एक काळी बांगडी

प्रश्न : सागवानी टीपॉयचा टॉप गोल पॅडच्या सँडरने (घासायच्या मशीनने) आधी ८० नंबरच्या जाड दाण्याच्या पॉलिश पेपरने, मग १२० च्या बारीक दाण्याच्या पेपरने घासला. हाताला एकदम गुळगुळीत लागत होता, पण पॉलिशचा पहिला हात मारला आणि स्प्रिंगसारख्या बारीक गोल गोल खुणा वर आल्या, दोन-तीन ठिकाणी तर चंद्रकोरीसारखे खोल चरे आहेत. पेपर चांगला होता, मशीन चार वर्षं जुनं. काय चुकलं? (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : दादा, या दोन वेगळ्या खुणा आहेत आणि दोन्हीचं कारण वेगळं, त्यामुळे आधी हे मशीन आतून कसं चालतं ते बघू. चहाच्या तळाशी राहिलेली साखर विरघळवायला आपण कप हातात धरून गोल गोल हलवतो ना, कप हलतो पण कपाचा कान एकाच दिशेला राहतो, तशी या पॅडची पहिली चाल आहे. मोटरच्या शाफ्टच्या टोकाला पॅडचं बेअरिंग बरोब्बर मधोमध नसतं, साधारण सव्वा मिलिमीटर बाजूला असतं, म्हणून पॅड अडीच मिलिमीटरच्या वर्तुळात हलतं, मिनिटाला १२,००० वेळा म्हणजे सेकंदाला २००. शिवाय ते बेअरिंगवर मोकळं असल्यामुळे स्वतःभोवती पण हळूहळू फिरतं. ही दुसरी चाल कोणी दिलेली नसते, बेअरिंगच्या ओढीने पॅड आपसूक फिरतं आणि लाकूड त्याला अडवतं, त्या ओढाताणीत जो वेग उरेल तो. म्हणून कुठलाच दाणा त्याच रेघेवरून परत जात नाही आणि खुणा एकमेकींत मिसळून जातात. सगळी गंमत यातच आहे.

आता तुम्ही (आणि मी पण, सुरुवातीला सगळेच) काय करतो, लवकर व्हावं म्हणून वरून दाबतो. दाबलं की दुसरी चाल थांबते. पॅड फिरायचं बंद होतं, नुसतं अडीच मिलिमीटरच्या वर्तुळात थरथरत राहतं, आणि एखादा जाड दाणा किंवा पेपरला चिकटलेली राळेची गुठळी असेल तर ती तिथल्या तिथे गोल गोल कोरत बसते. ह्याच तुमच्या स्प्रिंगसारख्या खुणा. पॅडच्या कडेला मार्करने एक जाड रेघ ओढा आणि लाकडावर चालवून बघा, रेघ फिरताना दिसली पाहिजे, थांबली की तुम्ही दाबताय. मशीनचं सव्वा-दीड किलो वजन पुरतं हो, हात फक्त दिशा द्यायला. सेकंदाला इंचभर एवढ्या संथ चालीने न्यायचं, आणि ८० वरून १२० वर जाताना टॉप पुसून घ्यायचा, नाहीतर ८० चा सुटलेला दाणा १२० च्या खाली येऊन तेच काम करतो.

चंद्रकोरीचं मात्र वेगळं आहे. मशीन हवेत धरलं की पॅडला अडवायला लाकूड नाही, मग ते बेअरिंगच्या ओढीने वेग घेत घेत मोटरच्या वेगाकडे जायला लागतं. १२५ मिलिमीटरचं पॅड समजा अर्ध्या वेगाने, ६,००० ने, फिरत असलं तरी त्याची कड सेकंदाला ३९ मीटर पळते, म्हणजे ताशी १४० किलोमीटर! आणि ती नेहमीची छोटी वर्तुळातली चाल आहे सेकंदाला जेमतेम दीड मीटर. अशा पॅडची कड तिरकी लाकडावर टेकली की झाला चरा. हे होऊ नये म्हणून पॅडच्या वर, बॉडीच्या खाली एक रबरी किंवा प्लॅस्टिकची रिंग असते, पॅडच्या पाठीला हलकी घासत राहणारी. हा त्याचा ब्रेक. माझ्या मशीनची उघडून पाहिली तर काळ्या बांगडीसारखी होती, एका बाजूला कागदाएवढी पातळ झालेली आणि एके ठिकाणी चिरलेली, आणि मी वर्षभर पेपरला शिव्या देत होतो. बहिणीच्या कपाटाच्या व्हिनियरवर (प्लायवर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर) असा एक चरा पडला की थेट खालचा प्लाय दिसला, व्हिनियर असतं किती, अर्धा मिलिमीटर.

चार वर्षांचं मशीन म्हणजे तुमची पण बांगडी गेलेलीच असणार. हवेत धरून चालू करा, पॅड वेग घेतच गेलं तर नक्की. स्वस्त पार्ट आहे, पॅडचे स्क्रू काढले की हाताला येतो, काढायच्या आधी प्लग काढा एवढंच. तोवर मशीन लाकडावर सपाट टेकवूनच स्विच चालू करा आणि चालू असतानाच उचला.

प्रश्न : सँडरचं पॅड फाटलं म्हणून दुकानातून दुसरं आणून बसवलं, साईज तीच, होल जुळतात, पण आता दहा मिनिटांत हाताला मुंग्या येतात. बेअरिंग गेलं का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ताई, बेअरिंग जाऊ शकतं, पण आधी नवं आणि जुनं पॅड किचनच्या काट्यावर ठेवून वजन बघा. पॅड मधोमध नाही म्हटल्यावर ते फिरताना सतत एका बाजूला ओढणार, ते सावरायला शाफ्टवर उलट बाजूला काउंटरवेट असतं, बऱ्याच मशीनमध्ये धूळ खेचणाऱ्या पंख्यालाच एका बाजूला जाडी देऊन ते केलेलं असतं. ते वजन कंपनीने आपल्या पॅडच्या हिशोबानेच काढलेलं. १०० ग्रॅमचं पॅड १२,००० च्या वेगाला साधारण २० किलोच्या जोराने बाहेर ओढतं, गणित करून बघितलं तेव्हा मलाच खरं वाटेना. म्हणजे नवं पॅड नुसतं २० ग्रॅम जास्त भरलं तर चार किलोचा हिसका शिल्लक राहिला, सेकंदाला २०० वेळा, तुमच्या मनगटात. पॅडखाली मऊ फोमचा जादा थर लावणाऱ्यांची पण हीच तक्रार असते. मशीनला दिलेलं ओरिजिनल पॅड महाग पडलं तरी तेच घ्या. वजन सारखं निघालं आणि पॅड हाताने हलवल्यावर डुगडुगत असेल तर मग बेअरिंग. नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो, पण दुकानदाराला दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं मागा, पत्र्याच्या झाकणाचं दिलं तर लाकडाची पीठासारखी धूळ आत जाऊन ग्रीसचा चिखल होतो.

प्रश्न : चौकोनी पॅडचा सँडर घेऊ की गोल? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : वरचा कप आठवा. चौकोनी म्हणजे निव्वळ तो कप. पॅड रबरी पायांवर बांधलेलं असतं त्यामुळे फिरू शकत नाही, नुसतं हलतं, म्हणूनच ड्रॉवरच्या कोपऱ्यात जातं आणि साधा पॉलिश पेपर कापून क्लिपमध्ये अडकवता येतो. पण घासणं हळू, आणि खुणा मिसळायला ती दुसरी चाल नाही. एकच घ्यायचं तर गोल घ्या, कोपरे हाताने.

प्रश्न : ग्राइंडरला सँडिंगची चकती लावून काम भागेल का? मिस्त्री म्हणतात चालतं. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : मिस्त्रींना चालतं, त्यांचा हात बसलाय. चार इंची ग्राइंडर ११,००० च्या आसपास नुसता फिरतो, मधे वेग शून्य आणि कडेला सगळ्यात जास्त, म्हणजे जे काय घासतं ते कडच घासते. जुना ऑइल पेंट खरवडायला ठीक, पण व्हिनियरजवळ नेऊ नका. आणि त्याला धूळ खेचायची सोय नसते, मास्क लावा, लाकडाची धूळ कॅन्सरला कारण ठरते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९५ मध्येच सांगितलंय.